कैरोला जायचंय? पूर्ण चार दिवस ठेवा

‘इजिप्त : सात रात्री, आठ दिवस’ अशी जाहिरात दिसली की पिंपळे गुरव, सांगवी, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये तेच ते प्रश्न सुरू होतात. व्हिसा घरबसल्या मिळतो की मुंबईला चकरा माराव्या लागतात? शाकाहारी माणसाने तिथे खायचे काय? सत्तरीच्या आईवडिलांना झेपेल का? पॅकेज घ्यावे की आपले आपण जावे? हा लेख या प्रश्नांच्या उत्तरांसाठी आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते. बहुतेक पॅकेजमध्ये कैरोच्या वाट्याला दीड दिवस येतो. पिरॅमिड, एक संग्रहालय, एक अत्तराचे दुकान, की लगेच लक्सरचे विमान. उत्तर आफ्रिकेतले माझे सर्वांत आवडते शहर कैरो आहे, पण दीड दिवसात ते कुणालाच आवडणार नाही, कारण तेवढ्या वेळात फक्त धूळ, हॉर्न आणि मागे लागणारे विक्रेते लक्षात राहतात. कैरोला पूर्ण चार दिवस द्या. सुट्टी कमी असेल तर लक्सर-अस्वान पुढच्या खेपेला ठेवा, पण कैरोतून कापू नका.

कधी जावे

- सर्वांत चांगला काळ : ऑक्टोबरअखेर ते मार्चची सुरुवात. दिवसा हवा बरी असते, रात्री मात्र स्वेटर लागतो.
- दिवाळीची सुट्टी : मुलांची शाळा सांभाळून जाणाऱ्यांना हीच सोयीची. २०२६ चे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. भाऊबीज आटोपून निघालात तरी हवामान उत्तम मिळते. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा टाळा, कारण तेव्हा हॉटेलांचे दर आणि गर्दी दोन्ही वाढलेले असतात.
- मे महिन्याची सुट्टी : पारा पस्तिशीच्या वर जातो आणि पिरॅमिडच्या पठारावर सावली नाही. मार्च ते मे या काळात वाळवंटातून ‘खमसीन’ नावाचे धुळीचे वारेही येतात. दमा असलेल्यांनी हे महिने टाळावेत.
- रमजान : २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल. तेव्हा प्रेक्षणीय स्थळे लवकर बंद होतात आणि दिवसा खायला मिळणे अवघड जाते. रात्री मात्र शहर जागे असते. पहिल्याच खेपेला जाणाऱ्यांनी ही तारीख सोडून द्यावी.
- शुक्रवार : तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी सकाळी रस्ते रिकामे असतात, पण दुकाने बंद असतात आणि दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदींमध्ये पर्यटकांना प्रवेश नसतो.

पासपोर्ट आणि व्हिसा

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी. हे आजच कपाट उघडून पाहा, कारण नूतनीकरणाची वेळ आली तर अपॉइंटमेंट आणि पोलीस पडताळणीत दिवस जातात.

काही ज्येष्ठांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असतो आणि घरातले घाबरतात. हा शेरा बहुधा दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर येतो. त्यांना ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते. पर्यटनाला तो आड येत नाही आणि इजिप्त त्या देशांच्या यादीतही नाही.

व्हिसाचे तीन मार्ग आहेत :

1. ई-व्हिसा. इजिप्त सरकारच्या पोर्टलवर, म्हणजे ‘visa2egypt.gov.eg’ या पत्त्यावर, भारत निवडून आधी तुमची पात्रता तपासा. हुबेहूब तसेच दिसणारी खासगी संकेतस्थळे गुगलच्या पानावर सर्वांत वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘gov.eg’ नसेल तर कार्डाचा नंबर टाकू नका.
2. वकिलातीतून. इजिप्तचा दूतावास दिल्लीत आणि वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. महाराष्ट्रातले अर्ज साधारणपणे मुंबईला जातात. बँक स्टेटमेंट, हॉटेलचे आरक्षण, परतीचे तिकीट आणि नोकरीचे पत्र तयार ठेवा.
3. उतरल्यावर व्हिसा. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन यांसारख्या देशांचा वैध आणि एकदा तरी वापरलेला व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांना ही सवलत मिळू शकते. पण विमानात चढू द्यायचे की नाही हे काउंटरवरचा कर्मचारी ठरवतो, म्हणून विमान कंपनीकडून ईमेलवर लेखी खात्री घ्या आणि ती छापून सोबत ठेवा.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून कामासाठी जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. यंत्र बसवणे, दुरुस्ती, प्रशिक्षण ही कामे पर्यटक व्हिसावर करू नयेत. कंपनीकडून निमंत्रणपत्र आणि योग्य प्रकारचा व्हिसा मागा. ‘एवढे कोण बघतंय’ असे एजंट म्हणाला तरी दंड भरायची वेळ तुमच्यावर येते, त्याच्यावर नाही.

विमान कोणत्या मार्गाने

मुंबईहून इजिप्तएअरचे थेट विमान आहे, साधारण सहा तासांचे. दुसरा मार्ग आखाती देशांतून, म्हणजे दुबई, अबू धाबी, दोहा किंवा जेद्दाहला विमान बदलून. पुण्यातून दुबईला थेट विमान जाते, त्यामुळे लोहगावहून निघून तिथे विमान बदलणेही शक्य आहे.

- पूर्ण प्रवासाचे एकच तिकीट घ्या. दोन वेगळी तिकिटे स्वस्त दिसतात. पण पहिले विमान उशिरा पोहोचले आणि दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीवर कसलीही जबाबदारी येत नाही. एकाच तिकिटावर असाल तर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते.
- मुंबईला निघताना द्रुतगती मार्गावरच्या घाटासाठी जादा वेळ धरा, विशेषतः शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांच्या तोंडावर.
- खसखस नेऊ नका. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि कतारमध्ये खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. नुसते विमान बदलायला उतरलात तरी सामान तपासले जाऊ शकते. दिवाळीत जाणाऱ्यांनी डब्यातले अनारसे घरीच ठेवावेत. घरगुती कांदा-लसूण मसाल्यातही बहुतेकदा खसखस असते. चकली, शेव, कडक भाकरी, मेतकूट न्यायला हरकत नाही.

पॅकेज की स्वतः

पॅकेज घ्या, जर सोबत सत्तरीपुढचे कुणी असेल, इंग्रजीत बोलायची सवय नसेल, किंवा लक्सर-अस्वान आणि नाईलवरची क्रूझ एकाच खेपेत करायची असेल.

स्वतः जा, जर फक्त कैरो करायचे असेल. शहरात उबर आणि करीम ही टॅक्सीची अ‍ॅप चालतात, मेट्रो आहे, आणि पर्यटनाच्या ठिकाणी कामापुरते इंग्रजी सगळ्यांना येते.

मधला मार्ग मला सर्वांत पटतो : तिकीट आणि हॉटेल स्वतः करा, पण गिझा-सक्कारा आणि जुन्या शहरासाठी दोन दिवस परवानाधारक गाइड घ्या. तिथल्या अधिकृत गाइडकडे सरकारी ओळखपत्र असते. ते पाहायला मागण्यात संकोच नको.

पॅकेज घेणार असाल तर पैसे भरण्याआधी हे लेखी मागा :

- कैरोतले हॉटेल गिझात आहे की मध्य शहरात
- व्हिसाचे शुल्क, प्रवेशतिकिटे आणि टिप धरली आहेत की वेगळी
- ग्रँड इजिप्शियन म्युझियमला किती तास
- खरेदीचे थांबे किती आणि ते टाळता येतात का
- शाकाहारी जेवण म्हणजे नक्की काय : भारतीय थाळी की नुसते सॅलड आणि ब्रेड
- व्हिसा नाकारला गेला तर परतावा किती
- जीएसटी आणि टीसीएस किती

टीसीएसमुळे अनेकांचा गोंधळ होतो. परदेशी सहलीच्या पॅकेजवर हा कर टूर कंपनीला गोळा करावाच लागतो आणि त्याचा दर अर्थसंकल्पात बदलतो, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा. हा खर्च नाही. तो तुमच्या पॅन क्रमांकावर जमा होतो, फॉर्म २६एएसमध्ये दिसतो आणि विवरणपत्र भरताना कराच्या रकमेतून वळता करता येतो किंवा परत मिळतो. त्यासाठी बुकिंग ज्याच्या पॅनवर तो परतावा हवा आहे त्याच्याच नावाने करा. निवृत्त वडिलांच्या नावावर केलेत तर त्यांनाही विवरणपत्र भरावे लागेल.

मुक्काम दोन ठिकाणी करा

पिंपळे गुरवहून सकाळी हिंजवडीला जाणारा माणूस अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाही, वेळेत मोजतो. कैरोतही तेच माप लावा. गिझाचे पठार नाईलच्या पश्चिमेला, जुने शहर पूर्वेला, आणि मधली वाहतूक दिवसाचे दोन-तीन तास सहज खाते. म्हणून सगळे दिवस एकाच हॉटेलात काढण्यापेक्षा :

- पहिल्या दोन रात्री गिझात : पिरॅमिड आणि ग्रँड इजिप्शियन म्युझियमच्या जवळ. तिथल्या बऱ्याच लहान हॉटेलांच्या गच्चीवरून पिरॅमिड दिसतात. फक्त आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये विक्रेत्यांचा त्रास असतो, हे धरून चाला.
- पुढच्या तीन रात्री मध्य शहरात किंवा झमालेकमध्ये : मध्य शहर स्वस्त आणि मेट्रोला जवळ. झमालेक नाईलमधल्या बेटावर, झाडी आणि शांतता असलेले. भारताचा दूतावासही याच भागात आहे.

कैरोची मेट्रो १९८७ साली सुरू झाली. आफ्रिकेतली ती पहिली. तिकीट स्थानकांच्या संख्येवर ठरते आणि परदेशी माणसालाही तेवढेच पडते. गाडीच्या मधले डबे महिलांसाठी राखीव असतात. गर्दीच्या वेळी बायकांनी तेच गाठावेत, आणि सोबतच्या पुरुषांनी चुकूनही त्यात शिरू नये. विमानतळापर्यंत मेट्रो जात नाही, तिथून उबर करा.

गल्लीबोळांत बजाजच्या तीनचाकी दिसतील. आकुर्डीशी नाते असलेल्यांना बरे वाटेल. इजिप्त ही बजाजची अनेक वर्षांची मोठी बाजारपेठ होती, मग २०२१ मध्ये तिथल्या सरकारने या गाड्यांच्या सुट्या भागांच्या आयातीवर बंदी घातली. फोटो काढा, पण प्रवासाला टाळा. अनेक गाड्यांना नोंदणी नसते आणि चालवणारा कधीकधी शाळकरी मुलगा असतो.

चार दिवस कसे लावावेत

पहिला दिवस : गिझा. दार उघडताच आत जा. पठारावर आता विजेवर चालणाऱ्या बसची सोय आहे, त्यामुळे उंट-घोड्यावाचून सगळीकडे जाता येते. खुफूचा पिरॅमिड मुळात सुमारे १४६ मीटर उंच होता, आज तो १३८ मीटरच्या आसपास आहे. आत जायचे तिकीट वेगळे असते. आत चित्रे नाहीत, मूर्ती नाहीत. जेमतेम चार फूट उंचीच्या चढणीतून वाकून जावे लागते आणि शेवटी एक रिकामी दगडी पेटी दिसते. गुडघे, कंबर, रक्तदाब किंवा बंद जागेची भीती यांपैकी काहीही असेल तर ते पैसे वाचवा. दुपारी हॉटेलवर झोपा. संध्याकाळी गच्चीवर बसा.

दुसरा दिवस : ग्रँड इजिप्शियन म्युझियम. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते पूर्णपणे खुले झाले. प्रवेशद्वाराशी दुसऱ्या रामसेसचा ११ मीटर उंचीचा पुतळा आहे. तुतनखामेनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू, सोन्याच्या मुखवट्यासह, प्रथमच एकत्र मांडल्या आहेत. तिकीट तारीख-वेळ निवडून आधीच ऑनलाइन काढा. किमान पाच तास धरा. सरकते जिने, लिफ्ट आणि बसायच्या जागा असल्याने ज्येष्ठांना हे सर्वांत सोपे ठिकाण आहे. चालण्याची हौस असलेल्यांनी सकाळी लवकर गाडी करून सक्काऱ्याला जावे. तिथला जोसेरचा पायऱ्यांचा पिरॅमिड गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुना आहे आणि गर्दी बरीच कमी असते. संग्रहालयाचे तिकीट मग दुपारचे काढा.

तिसरा दिवस : जुने मुस्लीम शहर. माझा सर्वांत आवडता दिवस. सकाळी इब्न तुलून मशीद पाहा. नवव्या शतकातली, प्रचंड अंगणाची आणि बहुतेक वेळा रिकामी. मग चौदाव्या शतकातली सुलतान हसन मशीद. दुपारी अल-अझहर उद्यानात जेवा आणि सावलीत बसा. ऊन उतरल्यावर बाब झुवैला या अकराव्या शतकातल्या वेशीतून आत शिरा आणि मुइझ रस्त्याने उत्तरेकडे चालत राहा. वाटेत खान अल-खलिली बाजार लागतो, शेवटी अल-हाकिम मशीद. तिचा जीर्णोद्धार दाऊदी बोहरा समाजाने केला आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याची माणसे तिथे हमखास भेटतात. चालणे बरेच आहे आणि फरशी खडबडीत. ज्येष्ठांसाठी फक्त संध्याकाळचा मुइझ रस्ता ठेवा.

चौथा दिवस : कॉप्टिक कैरो आणि ममी. मेट्रोच्या पहिल्या मार्गावर मार गिरगिस स्थानकाला उतरा. समोरच टांगते चर्च आहे आणि थोडे आत बेन एझ्रा सिनेगॉग. या सिनेगॉगच्या अडगळीत मध्ययुगीन ज्यू व्यापाऱ्यांच्या पत्रांचा मोठा साठा सापडला. भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी अकराव्या-बाराव्या शतकात चाललेला व्यापार त्यातून उलगडला. तिथून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर इजिप्शियन संस्कृतीचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयातून २२ राजे-राण्यांच्या ममी ३ एप्रिल २०२१ रोजी मिरवणुकीने इथे आणल्या. ममी पाहायच्या असतील तर इथेच या, तहरीरला नको. ममींच्या दालनात फोटो काढता येत नाहीत. संध्याकाळी नाईलवर फलुका या शिडाच्या होडीतून तासभर फिरा. दर माणशी नसतो, होडीमागे असतो आणि तो बसण्याआधी ठरवायचा.

पाचवा दिवस मिळाला तर हेलिओपोलिसमधला बॅरन एम्पेनचा महाल पाहा. १९०७ ते १९११ दरम्यान एका बेल्जियन उद्योगपतीने तो हिंदू मंदिरांच्या धर्तीवर बांधून घेतला.

शाकाहारींनी काय खावे

कैरोत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण मागायचे कसे हे कळले पाहिजे. ‘व्हेजिटेरियन’ म्हटले की कोंबडीच्या रश्श्यातली भाजी येऊ शकते. तुमच्या उपयोगाचा शब्द आहे सियामी. तिथले कॉप्टिक ख्रिश्चन वर्षातले बरेच दिवस उपवास करतात आणि त्या दिवसांच्या मांस, अंडी, दूध वगळलेल्या जेवणाला हे नाव आहे. ते सगळ्या कैरोला माहीत असते. काही उपवासांना मासे चालतात, म्हणून ‘मिन घेर समक’, म्हणजे मासे नकोत, हे जोडा.

- बिनधास्त खा : कोशरी (भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, तळलेला कांदा आणि टोमॅटोची आंबट चटणी, तिखट हवे तर वेगळी ‘शत्ता’ मागा), फूल (घेवड्यासारख्या मोठ्या फावा दाण्यांची उसळ), तामेया (त्याच दाण्यांचे वडे), बेसारा (त्याच दाण्यांची हिरवी पेस्ट), ऐश बलदी (कोंड्याची रोटी).
- विचारून खा : मुलुखिया ही पालेभाजी बहुधा मांसाच्या किंवा कोंबडीच्या रश्श्यात करतात. मेसकाआ या वांग्याच्या पदार्थात खिमा असू शकतो.
- गोड : बसबूसा, तांदळाची खीर ‘रोझ बि लबन’, आणि ओम अली.
- पेये : उसाचा रस सगळीकडे मिळतो, पण पोट नाजूक असेल तर बर्फाशिवाय मागा. पिण्याचे पाणी सीलबंद बाटलीचेच.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना बाहेर खाणे अवघड जाईल. त्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी आणि तांदूळ-डाळ सोबत न्यावी.

पैसे कसे न्यावेत

- रुपये तिथे बदलून मिळत नाहीत. थोडे डॉलर रोख आणि एक फॉरेक्स कार्ड न्या. नोटा कोऱ्या आणि न फाटलेल्या हव्यात.
- इजिप्शियन पौंडाचे मूल्य मार्च २०२४ मध्ये एका झटक्यात घसरले. जुन्या लेखांतले आणि व्हिडिओंतले दर त्यामुळे निरुपयोगी आहेत. निघण्याच्या आठवड्यात दर पाहा आणि डॉलर बँकेत किंवा एटीएमवरूनच बदला. रस्त्यावर बदलणे बेकायदा आहे.
- सरकारी स्थळांच्या खिडकीवर परदेशी पर्यटकांकडून बहुतेक ठिकाणी फक्त कार्ड घेतात. दोन वेगळ्या बँकांची कार्डे ठेवा आणि आंतरराष्ट्रीय वापर सुरू करून घ्या.
- परदेशी पर्यटकांचे तिकीट स्थानिकांच्या अनेक पट असते. ती लूट नव्हे, अधिकृत दरच तसा आहे. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र असेल तर बहुतेक ठिकाणी निम्मे पडते.
- पाच, दहा, वीस पौंडांच्या नोटा साठवत राहा. स्वच्छतागृह, चपला सांभाळणारा, सामान उचलणारा, सगळीकडे बक्षीस द्यावे लागते.
- किमतीचे आकडे ओळखायला शिका. तिथला पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि त्यांचे शून्य म्हणजे नुसता ठिपका. हे माहीत नसेल तर पाटीवरची किंमत चुकीची वाचली जाते.

फसवणुकीचे नेहमीचे प्रकार

1. ‘आज बंद आहे.’ संग्रहालयाबाहेर सभ्य माणूस सांगतो की आत्ता बंद आहे, तोवर माझ्या भावाचे दुकान पाहा. दारापर्यंत स्वतः जाऊन खात्री करा.
2. उंटावर चढणे फुकट, उतरण्याचे पैसे. बसायचेच असेल तर चढणे, फेरी आणि उतरणे मिळून किती, हे आधी ठरवा आणि पैसे उतरल्यावर द्या.
3. ‘भेट घ्या.’ हातात किंवा गळ्यात काही घातले तर लगेच काढून परत द्या. ‘ला, शुक्रन’ म्हणा आणि चालू लागा. थांबून कारण सांगत बसलात की सौदा सुरू झाला.
4. केळीच्या पानाचा पॅपिरस. खरा पॅपिरस वाकवला तर तुटत नाही. रस्त्यावर ‘दहा चित्रे एका डॉलरला’ मिळतात ती खरी नसतात.
5. नोट बदलणे. टॅक्सीवाला दोनशेची नोट घेऊन ‘वीसचीच दिलीत’ म्हणतो. नोट देताना मोठ्याने रक्कम बोला, किंवा उबरच घ्या.
6. ‘बंद दालन दाखवतो.’ पहारेकरी कोपऱ्यात बोलावतो, ते बक्षिसासाठी असते. जाऊ नका.

बाजारात पहिली किंमत ऐकून निम्म्याहून खाली सुरुवात करा. एकदा तुमचा आकडा त्याने मान्य केला की मागे फिरू नका. ते तिथे अपमानाचे समजतात.

या गोष्टींत चूक परवडणार नाही

- औषधे : ट्रामाडॉल आणि कोडीन असलेली औषधे तिथे कडक नियंत्रणाखाली आहेत. ट्रामाडॉलच्या गोळ्या नेल्याबद्दल २०१७ मध्ये एका ब्रिटिश पर्यटक महिलेला तीन वर्षांची शिक्षा झाली होती. गुडघेदुखीची औषधे घेणाऱ्यांनी पाकिटावरचे घटक वाचावेत, पर्यायी औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावे आणि बाकी सर्व औषधे मूळ पाकिटात, इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत.
- ड्रोन : नेऊच नका. विमानतळावर जप्त होतो आणि चौकशी मागे लागते.
- फोटो : पोलीस, लष्करी इमारती, चौक्या यांचे फोटो काढू नका. माणसांचे काढण्याआधी विचारा.
- पुरातन वस्तू : ‘खरे जुने आहे’ म्हणून कुणी काही विकले तर घेऊ नका. १९८३ च्या कायद्यानुसार पुरातन वस्तू देशाबाहेर नेणे गुन्हा आहे.
- पोशाख : खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे सोयीचे. मशिदीत जाताना बायकांनी ओढणी सोबत ठेवावी. एकट्या स्त्रीला शेरेबाजीचा त्रास होऊ शकतो. उत्तर न देता चालत राहा. कुणी पाठ सोडली नाही तर दुकानात शिरा किंवा पोलिसाला हाक मारा.
- प्लग : तिथे दोन गोल पिनांचे सॉकेट असतात. फोनचा बारीक दोन पिनांचा चार्जर चालतो, तीन पिनांचा नाही. एक अ‍ॅडॉप्टर पुरे.

अडचण आली तर तुमचे हक्क

तिथे असताना : पर्यटक पोलीस १२६, पोलीस १२२, रुग्णवाहिका १२३. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत नोंद, मग झमालेकमधला भारतीय दूतावास. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती कागदावर आणि फोनमध्ये, दोन्हीकडे ठेवा. प्रवास विमा घेताना आधीपासूनचे आजार लपवू नका. दावा फेटाळला जाण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

सामान हरवले, फुटले तर : विमानतळ सोडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. माँट्रियल करार भारत आणि इजिप्त दोघांनाही लागू आहे. सामान फुटल्याची लेखी तक्रार सात दिवसांत, उशिरा मिळाल्याची ते हाती आल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. विमान कंपनी दाद देत नसेल तर ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार करा.

टूर कंपनीने कबूल केलेले दिले नाही तर : आधी ईमेलवर लेखी तक्रार करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरी सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचे कार्यालय मुंबई-दिल्लीत असले तरी पुण्यात. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकील लागतोच असे नाही. लागतो तो पुरावा : जाहिरात, कार्यक्रमपत्रिका, पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश आणि तिथेच काढलेले फोटो. परतल्यावर हे गोळा होत नाही, म्हणून जे मिळाले नाही ते त्याच दिवशी टूर मॅनेजरला लिहून पाठवा.

कामांचा क्रम

1. चार महिने आधी : पासपोर्टची मुदत, तारखा, रमजान आणि सुट्ट्यांची पडताळणी.
2. तीन महिने आधी : व्हिसाचा मार्ग निश्चित करा. विमान आणि हॉटेल रद्द करता येण्याजोगेच घ्या.
3. दोन महिने आधी : व्हिसाचा अर्ज. ज्येष्ठांची डॉक्टरी तपासणी, औषधांची यादी.
4. एक महिना आधी : प्रवास विमा, गाइड, ग्रँड इजिप्शियन म्युझियमचे तिकीट.
5. आठवडाभर आधी : डॉलर, फॉरेक्स कार्ड, कागदांच्या प्रती. खाऊच्या डब्यात खसखस नाही ना, हे पाहा.

व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारे पैसे कुणालाही देऊ नका. आणि एजंटने कैरोचा एक दिवस कमी करून दुसरे ठिकाण ‘फुकट’ दिले, तर नम्रपणे नाही म्हणा.